सतरा नंबरचा बाण

सोसायटीच्या मीटिंगला जावं, चहा येईपर्यंत गप्प बसावं आणि चहा झाला की उठावं, हे पथ्य दप्तररावांनी बारा वर्षं बिनबोभाट पाळलं होतं. तेराव्या वर्षी ते मोडलं. विषय होता पार्किंगमधली बंद वाहनं. सेक्रेटरींनी यादी वाचली: दोन सायकली, चाक नसलेली एक मोटरसायकल, आणि "क्रमांक चार, निळ्या ताडपत्रीखाली जे काही आहे ते."

"'जे काही' नव्हे," दप्तरराव उभे राहून म्हणाले. "वॉटर स्कूटर आहे. आणि ती बंद नाही. चालू स्थितीत आहे, फक्त गेली अकरा वर्षं कुणी चालवलेली नाही."

सेक्रेटरी म्हणाले की असं असेल तर उत्तमच, महिनाअखेरपर्यंत जलवाहन कार्यालयाचं चालू असल्याचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर एक तारखेला भंगारवाला बाकीच्या तिन्हींबरोबर तीही नेईल. ठराव मताला टाकला. एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत ओघाओघाने दप्तररावांचाही हात होता, हे त्यांच्या घरी पोचल्यावर लक्षात आलं.

दप्तरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीचं दप्तर त्यांनी पस्तीस वर्षं सांभाळलं, आणि निवृत्तीनंतर सांभाळायला दुसरं काही नसल्यामुळे ते घराचं दप्तर सांभाळू लागले. त्यांच्या घरात छत्र्यांना नंबर होते. बिघडलेल्या इस्त्रीची फाईल इस्त्रीपेक्षा जड होती. कारकिर्दीत आपल्या हातून एकही चुकीची नोंद झाली नाही, असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटे, कारण खोटं सांगायला माणूस यापेक्षा बरं काहीतरी निवडेल.

त्यांची बायको म्हणजे पोहण्याच्या बाई. नगरपालिकेच्या तलावावर एकतीस वर्षं शिकवत होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात हातपाय मारायला शिकवलं होतं. उरलेल्या अर्ध्या गावात त्यांचा नवरा मोडत असे. दप्तररावांचा पाण्याशी संबंध बादलीपुरता होता आणि त्यातही बादली त्यांना अर्धीच लागे.

वॉटर स्कूटर बाईंची. त्यांचा थोरला भाऊ कायमचा परदेशी गेला, तेव्हा जाताना त्याने ती बहिणीला दिली. बाईंनी दोन उन्हाळे ती तलावात अशी काही पळवली, की काठावरची माणसं हातातली कामं टाकून बघत उभी राहत. मग एक दिवस ती बंद पडली आणि दप्तरराव म्हणाले, "पुढच्या रविवारी बघतो." तो पुढचा रविवार अकरा वर्षं पुढेच राहिला. बाईंनी एकदाही टोकलं नाही. दर आठवड्याला ताडपत्री काढून स्कूटर पुसायच्या आणि पुन्हा झाकायच्या. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या, आणि मागे कधीतरी, भाजी निवडता निवडता, त्या म्हणाल्या होत्या की रिटायर झाल्यावर रोज सकाळी ती घेऊन तलावावर जायचं.

मीटिंगचं सगळं ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे हो. भंगारात गेली तर गेली."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की दप्तररावांना फार वाईट वाटलं. त्यांनी त्याच क्षणी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: इंधन व्यवस्था, देखभाल व दुरुस्ती.

इंधन व्यवस्थाच का, तर समोरच्या ब्लॉकमधल्या बॉयलरसाहेबांनी झाकण उघडून एकदा हुंगलं आणि निदान केलं की रोग पोटात आहे. बॉयलरसाहेब तीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासत होते. या तीस वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही बॉयलर फुटला नाही, आणि याचं सारं श्रेय ते आत दाब साठू न देण्याला देत. पुढे पुढे त्यांना सगळीकडेच दाब दिसू लागला. मुलं नापास का होतात, लग्नं का मोडतात, शेजाऱ्यांची डोकेदुखी का थांबत नाही, सगळ्याला उत्तर एकच: आत दाब साठला की संपलं. या सिद्धांताला आजवर कुणी खोडून काढलेलं नव्हतं, कारण त्यासाठी त्यांच्यापुढे तासभर बसावं लागलं असतं.

टाकीत बारा लिटर पेट्रोल निघालं. अकरा वर्षांत ते तपकिरी आणि चिकट झालं होतं, आणि वासाला जुन्या पॉलिशसारखं येत होतं. ते काढायला वीस मिनिटं लागली. टाकायला चार दिवस लागले. पंपावरचा माणूस म्हणाला, आम्ही पेट्रोल देतो, घेत नाही. नगरपालिकेने कचरा ओला की सुका हे फॉर्मवर लिहून मागितलं, आणि दप्तरराव तिथेच अडकले, कारण खोटी नोंद त्यांना करता येईना. अग्निशमन दलाने सांगितलं की इथे आणू नका आणि घरीही ठेवू नका. मग नेमकं कुठे, असं दप्तररावांनी अदबीने विचारल्यावर ते म्हणाले की तो विषय आमच्याकडे येत नाही. शेवटी तलावाच्या धक्क्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने गंजके भाग धुवायला म्हणून त्या पेट्रोलचे दोन्ही कॅन ठेवून घेतले, आणि असा मिस्त्री या प्रकरणात आला.

खरं काम पुढेच होतं. पेट्रोलच्या करड्या नळ्या कापून बघितल्या तर आत हिरवा चिकट गाळ. गाळणीच्या भांड्यात पाणी. दोन कार्बोरेटर, आणि दोन्हींची बारीक भोकं बुजलेली. दप्तररावांनी सगळं सुटं करून जेवणाच्या टेबलावर मांडलं, प्रत्येक भागाखाली नंबराची चिठ्ठी, एकूण एक्केचाळीस. कार्बोरेटर एका जुन्या पातेल्यात भिजत पडले. घर नऊ दिवस गॅलरीत उभ्याने जेवलं. जिन्यात वास येतो म्हणून सेक्रेटरींची नोटीस आली, तीही दप्तररावांनी फाईलला लावली आणि तिला बेचाळिसावा नंबर दिला.

"मी काही मदत करू का?" बाईंनी दोनदा विचारलं.

"तू काही करायचं नाहीस," दप्तरराव म्हणाले. "सगळं झालं की तू फक्त येऊन बसायचं." त्यांच्या डोळ्यांसमोर ते दृश्य तयार होतं. त्यात ते स्वतः धक्क्यावर उभे होते आणि कोरडे होते.

दहाव्या दिवशी बाईंची मावशी आली. दमून आलेलं माणूस, तिने खुर्चीत बसायच्या आधी पंखा लावला. एक्केचाळीस चिठ्ठ्या घरभर उडाल्या. एक तर मावशीच्याच चहात पडली. दप्तररावांनी पंखा बंद केला आणि शांतपणे वही उघडली, कारण अशा प्रसंगासाठीच माणूस वही ठेवतो. प्रत्येक भागाचं वर्णन, लांबी, कुठला नट कुठे, सगळं लिहिलेलं होतं. नव्या नळ्या आणल्या, भोकं तारेने मोकळी केली, कार्बोरेटरमधली कडक झालेली रबरी पडदी बदलली, आणि वहीबरहुकूम एकेक भाग परत बसू लागला. सोळा नंबरापर्यंत कुणाची दृष्ट लागली नाही.

सतरा नंबर म्हणजे अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह. टाकीतून बाहेरच्या हवेत जाणाऱ्या नळीवर तो बसायचा. हवा त्यातून एकाच दिशेने जायची, आणि ती दिशा दाखवायला त्यावर बाण होता. वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "क्र. १७. हवेची नळी. बाण टाकीकडे."

बॉयलरसाहेब वाचून हसले. म्हणाले, इथेच तर घोडं अडलंय. बाण टाकीकडे म्हणजे हवा आत. आत गेलेली हवा बाहेर कशी येणार? आधीच्या कुणीतरी उलटा बसवलाय, म्हणूनच ही बंद पडली. तीस वर्षांत मी एकही व्हॉल्व्ह आतल्या बाजूला उघडणारा पास केलेला नाही, दप्तरराव. दाब बाहेर जाऊ द्या.

दप्तररावांचं मन होईना. काढला तसा बसवायचा हा त्यांचा नियम. पण तीस वर्षं म्हणजे तीस वर्षं. त्यांनी लाल शाईने "टाकीकडे" खोडलं, वर "बाहेर" लिहिलं, आणि खाडाखोड सहीशिवाय ग्राह्य नसल्यामुळे शेजारी बॉयलरसाहेबांची तारखेसह सही घेतली. ती त्यांनी मोठ्या दिमाखात केली.

पार्किंगमध्ये चाचणी झाली. इंजिन थंड राहावं म्हणून बागेचा पाइप जोडला होता. टाकीचं झाकण उघडं होतं, कारण आत काय चाललंय ते बॉयलरसाहेबांना बघायचं होतं. बटण दाबताच स्कूटर अशी गरजली की तिसऱ्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. दोन मिनिटं चालवून बंद केली. टाळ्या पडल्या. त्या दिवशी दप्तरराव जिना चढताना कठड्याला हात न लावता चढले.

दुसऱ्या दिवशी ते जलवाहन कार्यालयात गेले आणि तिथे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तपासनीस सभ्य माणूस होता, त्याने नियम वाचून दाखवले. तलावात तरंगणाऱ्या लाल पिंपाला दोन फेऱ्या मारून परत यायचं. वेळ वीस मिनिटं. वाहनावरच्या सगळ्या जागा भरलेल्या हव्यात. चाचणी मालकाने स्वतः चालवून द्यायची. संधी तीन.

"मालक माझी पत्नी," दप्तरराव म्हणाले.

तपासनीसाने कागद फिरवून त्यांच्यापुढे केला. मालकाच्या रकान्यात दप्तररावांचंच नाव होतं, आणि अक्षरही त्यांचंच. तेरा वर्षांपूर्वी फॉर्म त्यांनी भरला होता. अर्जदाराचं नाव लिहिता लिहिता हाताने सवयीने खालच्या रकान्यातही तेच लिहिलं होतं. दप्तररावांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि घरी याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. नियमानुसार मलाच चालवावी लागेल, एवढंच सांगितलं.

पहिल्या संधीला मागच्या सीटवर बॉयलरसाहेब बसले. दोन वजनदार गृहस्थ, अंगात तरंगायची भगवी जाकिटं, आणि पुढच्याचे डोळे जवळपास मिटलेले. टाकी नियमाप्रमाणे काठोकाठ भरली होती. लाल पिंपापर्यंत स्कूटर मजेत गेली. दप्तररावांनी एक डोळा उघडला. दुसरा उघडण्याच्या बेतात असताना इंजिन खोकलं, कण्हलं आणि गप्प झालं. पाऊण तास ते तलावाच्या मध्यभागी हलत राहिले. बॉयलरसाहेब कमी दाबाच्या पट्ट्याविषयी बोलत राहिले. मग फटफट आवाज करत मिस्त्रीची बोट आली आणि दोरी बांधून त्यांना ओढून घेऊन गेली.

धक्क्याला लागल्यावर मिस्त्रीने आपली बोट चालूच ठेवून पहिला प्रश्न विचारला, पेट्रोल आहे का. झाकण फिरवून उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि बटण दाबलं. स्कूटर पहिल्या फटक्यात चालू झाली.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "हे बटण दाबायचं असतं."

धक्क्यावर बरीच माणसं होती. दप्तरराव जाकिटाचे पट्टे सोडू लागले. हे बटण आपण चौतीस वेळा दाबलं होतं आणि त्याची नोंद ठेवली आहे, हे सांगायची ती जागा नव्हती.

दुसऱ्या संधीआधी त्यांनी प्लग बदलले, गाळणी पुन्हा साफ केली, बॅटरी रात्रभर चार्ज केली. बॉयलरसाहेबांनी दोन जेवणं टाळून वजन उतरवलं. स्कूटर बरोबर त्याच पिंपापाशी बंद पडली. मिस्त्री आला, ओढून नेलं, पेट्रोल आहे का म्हणून झाकण उघडलं, लावलं, बटण दाबलं, चालू. या वेळी मिस्त्रीने फक्त दप्तररावांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांना फार लागला.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. बॉयलरसाहेबांचा गुडघा त्या सकाळी धरला. तो कुठल्या दाबाने धरला हे त्यांनी सांगितलं नाही. मागची सीट रिकामी ठेवता येत नव्हती. बाई पोळपाट धूत होत्या. दप्तरराव दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, तू येतेस का? म्हणजे, सगळं झालेलं नाही अजून. पण येतेस का?"

बाईंनी नळ बंद केला, तलावावर फोन करून सात वर्षांतली पहिली किरकोळ रजा घेतली आणि पाच मिनिटांत तयार होऊन खाली उतरल्या.

स्कूटर लाल पिंपापाशी गेली, खोकली आणि बंद पडली. तलाव शांत होता. मिस्त्रीची बोट लांब धक्क्यावर अजून सुटायची होती.

"संपलं," दप्तरराव म्हणाले. "माझ्यामुळे भंगारात चालली तुझी स्कूटर. अकरा वर्षं नुसतं पुढचा रविवार, पुढचा रविवार केलं, आणि आता हे."

"ते नंतर बघू," बाई म्हणाल्या. "मिस्त्री दर वेळी आल्यावर सगळ्यात आधी काय करायचा?"

"पेट्रोल बघायचा. पण ते काठोकाठ आहे. मी स्वतः मोजून..."

बाईंनी वाकून टाकीचं झाकण फिरवलं. आणि दोन्ही वेळा मिस्त्रीच्या बोटीच्या फटफटीत जे कुणाला ऐकू आलं नव्हतं, ते त्या शांततेत स्वच्छ ऐकू आलं. टाकीने सूंऽऽऽ करून एक लांबलचक श्वास आत ओढला.

बाई झाकण हातात धरून तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "अहो, हिचा श्वास कोंडलाय. नवी मुलं अशीच करतात. पाण्यात तोंड घालून श्वास सोडत राहतात, घ्यायचा मात्र राहून जातो. चार हात मारले की मधेच थांबतात. पेट्रोल संपेल तशी त्या जागी हवा नको का यायला? ही हवा घेते कुठून?"

दप्तररावांच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत वही होती. ती उघडायची गरजच नव्हती, तरी त्यांनी उघडली. क्र. १७. "बाण टाकीकडे", आणि त्यावर लाल रेघ, आणि शेजारी ती दिमाखदार सही. आपण मुळात बरोबर लिहिलं होतं हे बघून त्यांना इतका आनंद झाला, की आपण खोल पाण्याच्या मध्यभागी आहोत हे ते विसरले. पुढे सरकून त्यांनी नळ्यांवरचं पुढचं झाकण उचललं, सतरा नंबर ओढून काढला, उलटा करून बसवला, झाकण लावलं, आणि "आता बघ" असं म्हणत वळले ते थेट तलावात गेले.

जाकिटामुळे ते लगेच वर आले, दोरीने कानांमागे बांधलेल्या चष्म्यासकट. तोंड उघडं होतं, डोळे त्याहून उघडे.

"श्वास घ्या," बाई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "मी आहे. मागून या. मागूनच चढता येतं."

मागून चढलेला माणूस मागच्या सीटवरच पोचतो. तोवर बाई पुढे सरकून बसल्या होत्या. घड्याळात विसातली अकरा मिनिटं गेली होती. बाईंनी टाकीचं झाकण घट्ट लावलं, बटण दाबलं, मागे न बघता "धरा" म्हणाल्या, आणि स्कूटर निघाली.

पहिली फेरी झाली. ती खोकली नाही. दुसऱ्या फेरीला बाईंनी ती अशी वळवली की पाण्याची भिंत उभी राहिली, आणि त्या मोठ्याने हसल्या. दप्तररावांनी हे हसणं अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी बाईंच्या जाकिटाला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते प्रचंड घाबरलेले होते आणि खूप सुखात होते. धक्क्यावरची माणसं हातातली कामं टाकून उभी होती.

तपासनीसाने घड्याळ थांबवलं. अठरा मिनिटं. मग त्याने फॉर्म पुढे घेतला आणि ओशाळून विचारलं की चालवत कोण होतं. लंगडत आलेले बॉयलरसाहेब घाईघाईने म्हणाले की इतक्या लांबून कुणाला काय दिसतंय, आणि दोघांची जाकिटं सारखीच आहेत. तपासनीसालाही ते चाललं असतं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"ही चालवत होती," दप्तरराव म्हणाले. "मी मागे होतो. मधे काही वेळ पाण्यात होतो. तसंच लिहा."

"मग मला नापास लिहावं लागेल. मालकानेच चालवायला हवं."

बाईंनी स्कूटरवर हात ठेवला आणि तळव्याने तिच्यावरचं पाणी निपटलं, दर आठवड्याला पुसत तसं. दप्तररावांनी ते पाहिलं आणि मग आयुष्यभर जे केलं तेच केलं. फॉर्म उलटा करून मागचे बारीक अक्षरातले नियम काढले.

"नियम नऊ," ते म्हणाले. "हस्तांतरणाचा अर्ज ज्या तारखेला दाखल होतो, त्या तारखेपासून नवा मालक. तारीख लिहिलीय, वेळ नाही. मी आज अर्ज दिला तर आजच्या दिवशी मालक कोण?"

तपासनीसाने नियम दोनदा वाचला. मग धक्क्यालगतच्या आपल्या कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्ज घेण्याची खिडकी बाराला बंद होत होती, आणि बाराला आठ मिनिटं कमी होती. त्याने कोरा अर्ज पुढे सरकवला आणि सांगितलं की एकही रकाना रिकामा चालणार नाही.

दप्तररावांनी सगळे रकाने भरले. बाहीतून पाणी टपकत होतं म्हणून ते हात उंच धरून लिहीत होते. शेवटचा रकाना होता हस्तांतरणाचं कारण. खाली उदाहरणं छापली होती: विक्री, बक्षीस, वारसा. दप्तररावांचं पेन तिथे थांबलं. बॉयलरसाहेब कानाशी लागून बक्षीस लिहा, बक्षीस लिहा असं सांगत होते. दप्तररावांनी त्यांना हाताने गप्प केलं आणि आपल्या त्या सुप्रसिद्ध स्वच्छ अक्षरात लिहिलं:

"वाहन पहिल्यापासून हिचंच आहे. तेरा वर्षांपूर्वी माझ्या हातून चुकीची नोंद झाली."

तपासनीसाने ते वाचलं आणि शिक्का मारला. मग कागद बाईंच्या सहीसाठी पुढे केला. बाईंनी सही केली, पण लगेच नाही. आधी त्यांनी ती दोन वाक्यं सावकाश वाचली आणि मग रुमालाने नवऱ्याचा चष्मा पुसून परत त्याच्या नाकावर ठेवला.